जप्ती कुणाच्या दारात?

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून गेल्या पावसाळ्यात एक बाई आमच्या केंद्रात आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. नवरा गलाईच्या कामाला परराज्यात. विट्याच्या परिसरातली हजारो माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, त्यांतलाच एक. दोन वर्षं तो पैसे पाठवत होता, मग बंद झाला. बाईंनी बायकांच्या गटातून कर्ज काढून म्हैस घेतली, म्हैस भाकड निघाली, हप्ते थकले. एका संध्याकाळी सातच्या सुमाराला वसुलीची दोन पोरं मोटरसायकलवरून आली आणि शिलाई मशीन आणि गॅसची शेगडी टेंपोत घालून घेऊन गेली.

बाई मला म्हणाल्या, "जप्ती झाली वो ताई आमच्या दारात. समद्या आळीनं बघितलं. आता पोरीचं लगीन कसं जमायचं?"

मी विचारलं, "अक्का, कोर्टाचा कागद दाखवला का त्यांनी?"

"कागद कसला? त्यांच्याकडं यादी होती. म्हणाला, जप्तीची ऑर्डर हाय, सही कर, न्हाईतर तुरुंगात जाशील. मी केली सही."

मशीन गेल्याचं दुःख त्यांना होतंच, पण त्याहून जास्त त्या शब्दाने त्यांना मोडलं होतं. 'जप्ती' म्हटलं की आपल्याकडे आवाज खाली जातो. दारात चपला काढून उभा असलेला बेलिफ, सामानाची यादी, पंच म्हणून बोलावलेले शेजारी, आणि मग त्या घराला कायमचं चिकटलेलं नाव. कर्ज घेणारा बहुतेक वेळा पुरुष असतो आणि त्या क्षणी घरात असते ती बाई. तो शब्द ऐकते ती, सही करते ती, दार उघडते ती. म्हणून या शब्दाकडे जरा नीट बघावं असं मला वाटलं.

जप्ती हा शब्द मूळ अरबी 'ज़ब्त' वरून फारसीमार्गे आपल्याकडे आला. ज़ब्त म्हणजे घट्ट धरणं, ताब्यात ठेवणं, आवरणं. उर्दूत आजही माणूस आपलं रडू 'ज़ब्त' करतो, म्हणजे आवरून धरतो. अकबराच्या काळात जमीन मोजून सारा ठरवण्याच्या पद्धतीलाही 'ज़ब्त' म्हणत. तिथे काही हिसकावणं नव्हतं, मोजमापाने बांधून घेणं होतं. याच धातूपासून दुसरा शब्द निघाला, 'ज़ाबिता', आपला जाबता. जाबता म्हणजे नियम, ठरलेली रीत. शिवकाळातल्या अष्टप्रधानांची कामं वाटून देणारा कागद 'कानुजाबता' म्हणून ओळखला जातो, आणि उर्दूत फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याला 'ज़ाब्ता फ़ौजदारी' म्हणतात. म्हणजे जप्ती आणि जाबता या सख्ख्या बहिणी आहेत. आपल्या गावांत मात्र एकच बहीण येते. जप्ती येते, जाबता मागेच राहतो.

सरकारी भाषेत हिच्या आणखी नातेवाइकही आहेत आणि त्यांची गल्लत होते. 'खालसा' म्हणजे निव्वळ सरकारचं करून टाकणं. साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब १८४८ मध्ये वारले, दत्तक वारस डलहौसीने मानला नाही आणि राज्य खालसा झालं. तिथे परत मिळण्याचा प्रश्न उरला नाही. 'सरकारजमा' म्हणजे शिक्षा म्हणून मालकीच जाणं. जप्ती तशी नाही. जप्तीत वस्तू अडकवून ठेवली जाते, मालकी तुमचीच राहते, विकायला बंदी होते. पैसे भरले तर ती उठते. लिलाव ही त्यानंतरची वेगळी पायरी आहे आणि तिलाही वेगळा हुकूम लागतो. वर्तमानपत्रांना 'टाच' हा शब्द आवडतो. 'मालमत्तेवर टाच' असं वाचलं की आमच्या बायकांना पायाची टाचच दिसते, मानेवर ठेवलेली.

इतिहासात मागे गेलं तर ही टाच बाईच्या वस्तूंवर थांबलेली दिसत नाही. पेशवाईत वतन जप्त होई, सरंजाम जप्त होई, आणि बदकर्माचा आरोप आलेली बाई स्वतःच सरकारात जमा होई. तिला कुणबीण करून कोठीत, कारखान्यात राबवलं जाई. ज्या समाजात बाईच मालमत्तेच्या यादीत होती, तिथे तिची मालमत्ता कुठली हा प्रश्न विचारायला फार उशीर लागला.

जप्तीला जाबत्याने बांधलं पाहिजे ही मागणी आपल्या भागाला नवी नाही. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. कोर्टाच्या हुकूमनाम्यांनी त्यांच्या जमिनी चालल्या होत्या. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्या कायद्याने शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कैद करणं बंद केलं, आणि खास गहाण लिहून दिलेली नसेल तर त्याची जमीन जप्त करण्यावर बंधन घातलं. खतं जाळणाऱ्यांची नावं इतिहासात थोडीफार आली. ज्यांच्या पोटाला चिमटा बसला होता त्या बायका मात्र त्या कागदांत 'कुटुंब' या एका शब्दात बसवल्या गेल्या.

आता अक्कांच्या मशीनकडे येऊ. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ६० आहे. माझ्या मते ते प्रत्येक बचत गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचलं पाहिजे. ऋणकोचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, उपजीविकेला लागणारी जनावरं, बियाणं, तो राहतो ते घर, यांनाही संरक्षण आहे. आणि धार्मिक रूढीनुसार बाईने अंगावरून काढू नये असे दागिने जप्त होत नाहीत, म्हणजे मंगळसूत्र. हे वाचून मला आधी हसू आलं. नवऱ्याने टाकलेल्या बाईचं मंगळसूत्र कायदा शंभर वर्षांहून जास्त काळ सांभाळतो आहे, तिच्या भाकरीचं काय ते नंतर बघू! पण चेष्टा बाजूला ठेवू. शिवणकाम करून जगणाऱ्या बाईचं मशीन हे तिचं हत्यार आहे, असं कोर्टापुढे ठासून मांडता येतं.

त्याच संहितेचं कलम ५६ सांगतं की पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही, दिवाणी तुरुंगात ठेवता येत नाही. कलम ६२ सांगतं की जप्तीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. "तुरुंगात जाशील" ही धमकी खोटी होती. ते संध्याकाळी सातला आले होते, पण त्यांच्या बाबतीत वेळ हा फार पुढचा मुद्दा झाला, कारण कोर्टाचा हुकूमच नव्हता. अशी लहान कर्जं तारणाशिवाय द्यायची असतात, असं रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे निर्देश सांगतात. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना छळायचं नाही, कर्जदाराचं नाव जाहीर करायचं नाही, कर्ज न फेडल्याच्या परिणामांबद्दल दिशाभूल करायची नाही, हेही त्यात आहे. ज्या कर्जाला तारणच नाही, त्याच्यासाठी एजंट घरातली वस्तू उचलतो ती जप्ती नव्हेच. जाबत्याशिवाय उचललेल्या वस्तूला मराठीत दुसरा शब्द आहे आणि त्याची फिर्याद पोलीस ठाण्यात द्यायची असते. अक्कांनी ती दिली. आम्ही चौघी सोबत गेलो. तिसऱ्या दिवशी मशीन आणि शेगडी ओट्यावर आणून ठेवलेली होती, कोणी आणली ते कळलं नाही. कर्ज अर्थातच तसंच आहे. अक्का ते फेडणार आहेत, आणि फेडलंही पाहिजे.

पतसंस्थांचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे बायकांना खोटा धीर देऊ नये. सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळाला की वसुली अधिकाऱ्याला जप्तीचा खराखुरा अधिकार येतो. आणि नवऱ्याच्या कर्जाला बायकोची जामीनदार म्हणून सही घेतलेली असते. "इथं कर" म्हटलं आणि केली! सांगली-साताऱ्यातली अशी किती घरं मी पाहिली. जामीनदार झाली की ती स्वतः देणेकरी होते. पण सही केलेली नसेल आणि नवऱ्याच्या कर्जासाठी तिचं स्त्रीधन उचलायला कोणी आलं, तर ते आपलं आहे अशी हरकत घेण्याचा तिला हक्क आहे. स्त्रीधनावर मालकी बाईचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं आहे. म्हणून पावत्या जपा. डब्यात का होईना, पण आपल्या नावाच्या पावत्या जपा.

इथवर जप्ती बाईच्या दारात येण्याची गोष्ट झाली. मला जास्त छळते ती दुसरी गोष्ट, जिथे जप्ती यायला हवी आणि येत नाही.

माण तालुक्यातली एक मुलगी, सत्तावीस वर्षांची, दोन लेकरं. नवरा मुंबईत माथाडी. मॅजिस्ट्रेटने दरमहा चार हजार पोटगीचा हुकूम दिला. सगळ्यांनी पेढे खाल्ले. त्यानंतर एक रुपया आला नाही. वसुलीचं वॉरंट निघालं आणि परत आलं. शेरा होता, 'सदर इसम राहते पत्त्यावर मिळून आला नाही, जंगम मिळकत आढळली नाही.' तो इसम गावच्या जत्रेत बैलगाडीच्या शर्यतीला हजर होता, हे सगळ्या गावाला माहीत. ती आमच्याकडे आली तेव्हा हुकूम होऊन चौदा महिने झाले होते. या कायद्यात थकलेल्या रकमेसाठी वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. पूर्वी हे कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १४४ झालं आहे. आकडा बदलला, वर्षाची मुदत तशीच राहिली. पहिल्या दोन महिन्यांचे आठ हजार तिच्या हातून निसटले, कारण तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला समुपदेशनाचे टप्पे पाठ करून घेतले, पण जप्तीचं वॉरंट कसं दिसतं ते कोणी दाखवलं नाही. ते मी या मुलीबरोबर कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून शिकले.

कोर्टातले कारकून म्हणतात, "बाई, त्याची मिळकत दाखवा, मग जप्ती करू." मिळकत दाखवायची कोणी? जिला सासरचा उंबरा बंद आहे तिने. आपण 'मिळकत' म्हटलं की टीव्ही, कपाट, मोटरसायकल शोधतो. त्या माणसाची खरी मिळकत वस्तूंत नसतेच. माथाड्याची मजुरी माथाडी मंडळामार्फत मिळते, तिथे त्याच्या नावाची नोंद असते. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम २०(६) आहे. त्याखाली मॅजिस्ट्रेट मालकालाच किंवा त्याचं देणं लागणाऱ्यालाच सांगू शकतो की मजुरीतला अमुक भाग थेट बाईला द्या. आम्ही तोच अर्ज केला. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने दोन्ही बाजूंना मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि पोटगीचा हुकूम दिवाणी कोर्टाच्या पैशाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो. आणि ज्याला वाटतं की महिनाभर तुरुंगात बसलो की हिशेब मिटला, त्याला कुलदीप कौर खटल्याचा १९८८ चा निकाल दाखवा. तुरुंगात बसल्याने पोटगीचं देणं फिटत नाही.

चळवळीतल्या काही मैत्रिणींना माझं हे बोलणं खटकतं. सांगलीतल्या एका बैठकीत एकीने मला सरळ विचारलं, "शेतकऱ्याच्या दारातली जप्ती उठवायला आपण मोर्चे काढले, आणि आता तूच गरीब माणसाच्या घरात बेलिफ पाठव म्हणतेस?" प्रश्न रास्त आहे. मी त्यावर बरेच दिवस विचार केला.

एक तर कलम ६० चं संरक्षण त्या नवऱ्यालाही आहे. त्याचा बैल, त्याचं बियाणं, त्याची भांडी कोणी उचलणार नाही, आणि उचलावी असं मला वाटतही नाही. पण त्याच कलमात पगाराबद्दल काय लिहिलं आहे ते पाहा. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यासाठी पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीपासून सुरक्षित असतात. सावकाराच्या हाती लागतो तो फार तर उरलेल्याचा एक तृतीयांश. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी मात्र पगाराचा फक्त एक तृतीयांश सुरक्षित. म्हणजे कायद्याच्या लेखी बायको-पोरांची भाकरी सावकाराच्या देण्याच्या कितीतरी वर आहे. गावाच्या लेखी उलटं आहे. पतसंस्थेचा हप्ता बुडवला तर अब्रू जाते, पोटगी बुडवली तर पारावर कोणी भुवई उचलत नाही. आपणही नकळत गावासारखंच बोलू लागलो आहोत का, एवढंच मला त्या मैत्रिणीला विचारायचं होतं.

याच जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या सहकारी बायकांनी परित्यक्तांची चळवळ उभी केली. टाकलेल्या बाईला स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड हवं, घराला जागा हवी, असं त्या मागत होत्या. त्या मागणीत दयेची याचना नव्हती. बाईचा वाटा आहे आणि तो तिला कागदावर दिसला पाहिजे, हे त्यामागचं म्हणणं होतं. पोटगीची जप्ती मी त्याच ओळीत धरते. नुसता हुकूम म्हणजे अर्धाच कागद.

वाळवा तालुक्यातल्या एका बाईंचं प्रकरण सांगून थांबते. त्यांना दिवाणी कोर्टातून पोटगी मंजूर झाली. नवऱ्याची तीन एकर बागायत, सगळा ऊस. दावा चालू असतानाच त्याने दोन एकर धाकट्या भावाला बक्षीसपत्राने देऊन टाकली. भावकीने सांगितलं, "आता काय घेतीस? एक एकरात त्याचंच भागंना." वकीलबाईंनी दोन गोष्टी केल्या. बक्षीसपत्राविरुद्ध संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या कलम ३९ चा आधार घेतला. फुकटात दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर पोटगीचा हक्क मागे लागू शकतो, असं ते कलम आहे. त्यावर अजून भांडण चालू आहे. दुसरी गोष्ट सोपी होती आणि ती आम्हाला कोणालाच आधी सुचली नव्हती. त्यांनी ऊसबिलावर जप्ती मागितली. कारखाना त्या माणसाचं देणं लागतो, तेव्हा कारखान्यालाच कोर्टाने मनाई करावी की हे पैसे त्याला देऊ नका, कोर्टात भरा. ऊस तोडून गेला की वजनाची पावती असते, सभासद क्रमांक असतो. इथे 'मिळकत आढळली नाही' असा शेरा मारता येत नाही. दूध संघाच्या बिलाचंही तसंच करता येतं.

हुकूम गेला आणि पहिल्या उचलीची रक्कम कोर्टात जमा झाली. सात वर्षांत पहिल्यांदा त्या बाईंच्या हातात नवऱ्याकडचे पैसे आले, तेही त्याचं तोंड न बघता. उरलेल्या बाकीसाठी राहिलेल्या एक एकरावर जप्तीचा अर्ज दिला आहे. तारखेला कोर्टाबाहेर चहा पिताना त्यांनी विचारलं, "ताई, जमिनीवर जप्ती लागली की काय करत्यात?"

मी सांगितलं, "विकायला बंदी होते. हुकूम जमिनीवर आणि कोर्टात लावतात. आणि कायद्यात असं आहे की तिथे दवंडी पिटून जाहीर करायचं."

"दवंडी? गावात?"

"हो. ढोल वाजवून, नाहीतर गावात जी रीत असेल तशी."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "मला हाकलली तवा कोन बोललं न्हवतं," त्या म्हणाल्या. "दवंडी कंच्या दिशी हाय ते आधी कळवा. मी येनार हाय ऐकायला."